एजंटाचा शब्द आणि कंपनीची सही



उसाचं बिल खात्यावर जमा झालं की त्या दिवशी बँकेच्या पायरीवर कोण कोण उभं असतं, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. खताच्या दुकानाचा माणूस असतो, ट्रॅक्टरच्या कर्जाचा वसुलीवाला असतो, आणि बगलेत रेक्झिनची पिशवी धरून विम्याचा एजंटही असतो. एजंट बहुधा आपल्याच गावचा, कधी पाहुण्या-रावळ्यांतला. "दादा, हप्ता आलाय. द्या माझ्याकडं, उद्या जातोय तालुक्याला, भरून टाकतो." दादा नोटा मोजून देतात. पावती मागायला जीभ रेटत नाही, कारण माणूस घरचा.

यंदाच्या हंगामात अशाच एका दादांचा मुलगा आमच्या शेतकी कचेरीत येऊन बसला. वडील आपले सभासद, दीड एकर ऊस. मार्च महिन्यात छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पाच लाखांचा आयुर्विमा उतरवला होता, हप्ता सहामाही. तीन हप्ते वेळेवर भरलेले. चौथा हप्ता १० जानेवारीचा. बिल जमा झालं २८ जानेवारीला, आणि त्याच दिवशी वडिलांनी एजंटाच्या हातात रोख रक्कम ठेवली. एजंटानं डायरीत पेन्सिलीनं खूण केली. फेब्रुवारीत सवलतीचे ३० दिवस संपले. पैसे कंपनीत पोचलेच नव्हते. मुलगा कंपनीच्या शाखेत गेला, तर संगणकात बघून तिथल्या बाईंनी सांगितलं, "पॉलिसी बंद पडलेली आहे."

मुलगा आम्हाला एकच विचारीत होता, "काका, पैसे तर दिलेत की. एजंट म्हंजे कंपनीचाच माणूस न्हवं?"

त्या वेळी आम्ही त्याला चहा पाजला आणि "बघू" म्हणालो. खरं सांगायचं तर उत्तर आम्हालाही धड येत नव्हतं. मग कारखान्याच्या वकिलांकडे दोन संध्याकाळ बसलो, कायद्याची कलमं वाचली, सर्वोच्च न्यायालयाचे जुने-नवे निकाल चाळले. त्यातून जे कळलं ते सर्वांच्या उपयोगाचं आहे म्हणून या अंकात देत आहोत.

एजंट हा शब्द आपण विम्याच्या माणसाला चिकटवून टाकला आहे, पण कायद्यात त्याचा अर्थ मोठा आहे. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या वतीनं काम करायला किंवा तिऱ्हाईत माणसाशी व्यवहार करायला नेमलेला तो एजंट. जमिनीच्या कामाला आपण मुखत्यार नेमतो, त्यातलाच प्रकार. मुखत्यारपत्रात खरेदीपत्रावर सही करायचा अधिकार लिहिला असेल तर त्याची सही ती आपली सही. लिहिलाच नसेल तर तो जन्मभर सह्या करीत बसला तरी जमीन जागची हलत नाही.

आपल्यातलंच उदाहरण घ्या. आपला चिटबॉय. कारखान्यानं त्याच्या हातात चिठ्ठ्यांचं पुस्तक दिलेलं आहे. त्यानं चिठ्ठी फाडून गाडीबरोबर दिली की ती कारखान्याची चिठ्ठी झाली, मग कारखान्याला हात वर करता येत नाहीत. पण तोच चिटबॉय बांधावर चहा पिता पिता म्हणाला, "आण्णा, तुमच्या उसाला टनामागं दोनशे रुपये जादा देववतो," तर? आण्णा हसतील आणि चहाचा कप पुढं करतील. दर ठरवणं हे चिटबॉयचं काम नव्हे, हे आण्णांना ठाऊक आहे. म्हणजे एकाच माणसाचा एक शब्द कारखान्याला बांधतो आणि दुसरा बांधत नाही. माणूस कुणाचा, एवढं विचारून भागत नाही. त्याला कशाचा अधिकार दिलाय, हे विचारावं लागतं.

यात कायद्यानं एक गोष्ट आणखी घातली आहे. समजा अधिकार नव्हता, पण मालकाच्या बोलण्यामुळं किंवा वागण्यामुळं लोकांची समजूत झाली की याला अधिकार आहे, तर करार कायद्याच्या कलम २३७ प्रमाणे मालक बांधला जातो. वकील याला दर्शनी अधिकार म्हणतात. मालकानं स्वतःच समजूत करून दिली आणि अंगाशी आल्यावर "तो आमचा नव्हेच" म्हणाला, असं चालत नाही. पण समजूत मालकानं करून दिलेली पाहिजे. एजंटानं आपल्या तोंडानं "मी कंपनीचाच" म्हटलं, त्याला काही किंमत नाही.

या एका मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

पहिला १९९७ चा. एका गृहस्थानं आयुर्विमा महामंडळाकडून पंचवीस-पंचवीस हजारांच्या चार पॉलिस्या घेतल्या होत्या. मार्च १९८७ चा हप्ता सवलतीच्या मुदतीतही भरला गेला नाही. जूनमध्ये एजंट घरी गेला आणि त्यानं हप्त्याचा बेअरर चेक घेतला. चेक दुसऱ्या दिवशी वटला. महामंडळात पैसे भरले गेले ते १० ऑगस्टला. आणि ते गृहस्थ ९ ऑगस्टला अपघातात वारले होते. एका दिवसाचं अंतर! घरच्यांचं म्हणणं, एजंटाला दिले म्हणजे महामंडळाला दिले. न्यायालयानं हे मानलं नाही. महामंडळाच्या एजंटांसंबंधीच्या १९७२ सालच्या नियमांत एजंटानं महामंडळाच्या वतीनं हप्ता गोळा करू नये असं स्पष्ट लिहिलेलं होतं, नियम राजपत्रात छापलेले होते, आणि महामंडळाच्या कोणत्याही कृतीनं लोकांची उलट समजूत करून दिल्याचं पुढं आलं नाही. तेव्हा हप्ता महामंडळाला पोचला असं म्हणता येत नाही.

राजपत्र कोण वाचतो, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हणालो. वकील म्हणाले, "न्यायालय तसं म्हणत नाही."

दुसरा निकाल १९९९ चा, दिल्लीच्या वीजपुरवठा उपक्रमातल्या एका कर्मचाऱ्याच्या विधवा पत्नीचा. पगारातून परस्पर हप्ता कापून महामंडळाकडे पाठवायची योजना होती. हप्ते पाठवण्यात कसूर झाली, कर्मचारी वारला, महामंडळानं पॉलिसी बंद पडल्याचं सांगितलं. महामंडळानं उपक्रमाला आधीच लिहून ठेवलं होतं की तुम्ही आमचे एजंट म्हणवून घ्यायचं नाही. पण ते पत्र दोन कचेऱ्यांतलं. कर्मचाऱ्याला कुणी दाखवलं नव्हतं. त्याला हप्त्याची वेगळी नोटीस येत नव्हती, वेगळी पावती मिळत नव्हती, सगळा व्यवहार मालकाच्या हातून. त्यानं मालकालाच महामंडळाचा प्रतिनिधी समजावं अशी मांडणी खुद्द महामंडळानं केली होती. तेव्हा दर्शनी अधिकार सिद्ध झाला आणि बाईंचा दावा महामंडळावर लागू झाला.

हे वाचताना आम्ही जरा चपापलो. कारण आपला कारखानाही सभासदांच्या गट अपघात विम्याची रक्कम बिलातून कापून घेतो. आपल्याला तर वाटत होतं की आपण नुसते पोस्टमन. दिल्लीच्या निकालातली मंडळीही तसंच समजत असतील. चौकशी केली तर आपल्या बिलाच्या कागदावर 'विमा कपात' एवढे दोनच शब्द छापलेले निघाले. कोणती कंपनी, पॉलिसी नंबर काय, पैसे कधी पाठवले, याचा पत्ता नाही. संचालक मंडळापुढं आम्ही ही गोष्ट ठेवली आहे. पुढच्या बिलापासून पॉलिसी नंबर आणि रक्कम पाठवल्याची तारीख छापायचं ठरलं आहे. छापली नाही तर सभासदांनी कचेरीत येऊन विचारावं. रागावणार नाही कोणी.

आता काळ थोडा बदलला आहे. काही एजंटांना हप्ता स्वीकारायची लेखी परवानगी कंपनीकडून मिळते, आणि ते कंपनीची संगणकावरची पावती जागेवर देतात. पावतीवर कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर आणि पावती क्रमांक असतो. डायरीतली पेन्सिलीची खूण, एजंटाच्या व्हिजिटिंग कार्डामागं लिहिलेली 'मिळाले', किंवा एजंटाच्या स्वतःच्या मोबाइल नंबरावर फोनवरून टाकलेले पैसे, यांतलं काहीही कंपनीची पावती नव्हे. फोनवरून पैसे टाकण्याची सोय आता घरोघर आहे. मग मधल्या माणसाच्या खात्यावर का टाकायचे, कंपनीच्याच टाकावेत.

गाडीच्या आणि जनावरांच्या विम्यात आणखी एक अडसर आहे. १९३८ सालच्या विमा कायद्याचं कलम चौसष्ट व्ही-बी सांगतं की हप्ता हातात पडल्याशिवाय किंवा त्याची रीतसर हमी मिळाल्याशिवाय कंपनीनं जोखीम घ्यायचीच नाही. एजंटानं कंपनीच्या वतीनं हप्ता घेतला तर आपलं कमिशनसुद्धा न कापता, सुटीचे दिवस सोडून, चोवीस तासांच्या आत तो कंपनीकडे पोचता करायचा, असंही त्याच कलमात आहे. चोवीस तास! आपल्याकडे "बाजारच्या दिवशी जाईन तेव्हा भरीन" म्हणणारे किती आहेत ते तुम्हीच मोजा. आणि चेक दिला पण वटला नाही, तर विमा झालाच नाही असं धरलं जातं. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं मोटारीच्या एका प्रकरणात तसं ठरवलं. ट्रॅक्टरचा चेक देताना खात्यात शिल्लक आहे ना, हे पाहून द्यावा.

पैशाइतकीच दुसरी फसगत होते ती "झालं, विमा उतरला" या शब्दांवर. विमा हा करार आहे. आपण फॉर्म भरून देतो तो प्रस्ताव. लग्नाची बोलणी करायला मुलीकडचे गेले, एवढंच त्यात झालेलं असतं. होकार यायचा असतो, आणि तो द्यायचा अधिकार एजंटाला नसतो. १९८४ साली निकाल लागलेलं एक प्रकरण पाहा. डिसेंबर १९६० मध्ये एका गृहस्थानं पन्नास हजारांच्या विम्याचा प्रस्ताव दिला, वैद्यकीय तपासणी झाली, तीनशे आणि दोनशेवीस रुपयांचे दोन चेक दिले. दुसरा चेक ११ जानेवारी १९६१ ला वटला आणि १२ तारखेला गृहस्थ वारले. पैसे तर महामंडळाकडे गेले होते. तरी न्यायालय म्हणालं की पैसे ठेवून घेणं म्हणजे होकार नव्हे, गप्प राहणं म्हणजेही होकार नव्हे. प्रस्ताव मंजूर झाल्याचं प्रस्तावकाला कळवलं पाहिजे, तेव्हा करार पुरा होतो. तेवीस वर्षं कोर्टकचेऱ्या करून वारसांच्या हाती हे उत्तर आलं.

तेव्हा पहिला हप्ता दिल्यावर पॉलिसी हातात पडेपर्यंत विचारपूस चालू ठेवावी. चार आठवडे झाले, काही आलं नाही, तर एजंटाला नव्हे, शाखेला पत्र टाकावं.

आता प्रस्तावाच्या फॉर्मविषयी, कारण निम्मे दावे तिथंच मरतात असं वकील म्हणाले. (निम्मे हा त्यांचा बोलण्यातला आकडा, मोजून काढलेला नव्हे.) विम्याच्या करारात दोन्ही बाजूंनी पराकोटीचा सच्चेपणा ठेवायचा असतो. बैल बाजारात विकताना खोड लपवली तर घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवायला हवे होते असं आपण म्हणतो. विम्यात तसं चालत नाही, कारण आपल्या प्रकृतीची खोड आपल्यालाच माहीत असते. १७६६ साली इंग्लंडात लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशांनी हे तत्त्व सांगितलं. गंमत अशी की त्या खटल्यात हरली ती विमा घेणाऱ्याची बाजू नव्हे, विमा देणाऱ्याची. त्याला जे सहज कळू शकत होतं त्याबद्दल नंतर ओरडता येणार नाही, असं ठरलं. सच्चेपणा दोन्हीकडून तो असा.

आपल्याकडे काय होतं? एजंट म्हणतो, "तुम्ही सही करा, बाकीचं मी भरतो." मग रक्तदाब आहे का, नाही. साखर आहे का, नाही. पाच वर्षांत दवाखान्यात राहिलात का, नाही. सगळीकडे नाही. साखर कारखान्याच्या सभासदाला साखर नाही! इथं विनोद पुरे, कारण २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढं आलेल्या एका आरोग्य विम्याच्या प्रकरणात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार फॉर्मात सांगितला नव्हता, एवढ्यावर दावा गेला. उलट २०२१ च्या एका निकालात माणसानं मधुमेह असल्याचं सांगितलं होतं, तपासणी करून कंपनीनं पॉलिसी दिली होती, आणि परदेशात हृदयविकाराचा झटका आल्यावर कंपनी मागे सरकू लागली. तेव्हा न्यायालयानं कंपनीला सरकू दिलं नाही. जे सांगितलं ते ऐकून, तपासून पॉलिसी दिलीत, आता त्याच दुखण्याचं निमित्त नको. खरं सांगितल्यानं हप्ता चार पैसे वाढेल, एवढंच. त्या चार पैशांत झोप लागते.

पण मग सांगूनही एजंटानं 'नाही' लिहिलं तर? इथं कायदा २०१५ साली थोडा आपल्या बाजूला झुकला आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये तेव्हा असं घातलं गेलं की विम्यासाठी बोलणी करून ग्राहक मिळवणारा माणूस करार जुळवण्याच्या कामापुरता विमा कंपनीचा एजंट मानला जाईल. त्याच कलमात असंही आहे की खोटेपणाचा आरोप आला तरी ती गोष्ट कंपनीला ठाऊक होती असं दाखवता आलं, तर कंपनीला फसवणुकीच्या कारणावर आयुर्विमा नाकारता येत नाही. दोन्ही एकत्र वाचली की एजंटाला सांगितलेली साखर कंपनीला सांगितल्यासारखी होते, असा युक्तिवाद करता येतो. मात्र सांगितलं होतं हे दाखवणार कसं? विमेदार हयात नाही, एजंट म्हणतो मला आठवत नाही. म्हणून फॉर्म आपल्यासमोर भरून घ्यावा. वाचता येत नसेल तर मुलाकडून, मास्तरांकडून वाचून घ्यावा. अंगठा उठवणाऱ्यांच्या फॉर्मवर 'मजकूर समजावून सांगितला' असं तिऱ्हाइतानं लिहून द्यायचं असतं, ती ओळ कोरी सोडू नये. हल्ली फॉर्म फोनवर भरतात आणि "एक नंबर आलाय तो सांगा" म्हणतात. तो ओटीपी सांगणं म्हणजे सही करणं, हे पक्कं ध्यानात ठेवा.

पॉलिसीबरोबर भरलेल्या फॉर्मची नक्कल मिळण्याचा आपला हक्क आहे. आल्याबरोबर ती वाचावी. चूक असेल तर कंपनीला लेखी कळवावी, पोच घ्यावी. पॉलिसीच पसंत नसेल तर परत करायला २०२४ च्या नियमांप्रमाणे ३० दिवस मिळतात. आयुर्विम्याला तीन वर्षं पुरी झाली की कलम ४५ प्रमाणे कंपनीला प्रस्तावातल्या चुकीवरून तो उकरता येत नाही. पण पॉलिसी बंद पडून पुन्हा चालू केली तर ही तीन वर्षं नव्यानं मोजतात. हप्ता चुकवण्याचा हा आडून बसलेला तोटा फारसा कुणी सांगत नाही.

जनावरांच्या विम्याबद्दल एवढंच, की विमा ज्याचं नुकसान होणार त्यालाच उतरवता येतो. म्हैस विकली आणि कानातला बिल्ला तसाच राहिला, म्हणून ती मेल्यावर जुन्या मालकाला पैसे मिळत नाहीत, कारण त्याचं काही गेलंच नाही. या विषयावर पुढं स्वतंत्रपणे लिहू.

त्या मुलाचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. १९९७ चा निकाल त्याच्या वाटेत उभा आहे, हे आम्ही त्याला लपवून सांगितलं नाही. पण दोन गोष्टी तपासायच्या राहिल्या होत्या. एक, २८ जानेवारीला त्या एजंटाला हप्ता घेण्याचा लेखी अधिकार कंपनीनं दिलेला होता की नाही. दुसरी, आधीचे तीन हप्तेही एजंटानंच रोख नेऊन भरले होते काय, आणि कंपनीनं ते कसे स्वीकारले. वडिलांच्या ट्रंकेत तिन्ही पावत्या सापडल्या. त्यातल्या दोहोंच्या मागं एजंटाच्याच हस्ताक्षरात रक्कम आणि तारीख आहे. एवढ्यानं दर्शनी अधिकार सिद्ध होईलच असं नाही, वकिलांनी मान हलवली ती अर्धीच. शिवाय पैसे घेऊन न भरल्याबद्दल एजंटावर वेगळी जबाबदारी येते, ती वाट निराळी.

कंपनीला दोन्ही प्रश्न रजिस्टर पत्रानं विचारले. महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही. आता विमा लोकपालांकडे अर्ज केला आहे. लोकपालांची कचेरी पुण्यात आहे, मुंबईतही आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीनं नाकारल्यापासून किंवा महिनाभर उत्तर न दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, आणि २०२३ पासून तिथं पन्नास लाखांपर्यंतच्या भरपाईचा निर्णय होऊ शकतो. अर्ज मुलानं स्वतः लिहिला, आम्ही फक्त शुद्धलेखन पाहिलं. सोबत तीन पावत्या, बँकेच्या पासबुकातलं २८ जानेवारीचं पान आणि डायरीतल्या त्या पेन्सिलीच्या खुणेचा फोटो जोडला आहे. एजंटानं फोटो काढू दिला, त्याचंही तोंड उतरलेलं होतं. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. आली आणि काही निर्णय झाला, की याच पानावर कळवू.